हिरवी साडी, पट्ट्यांचा शर्ट

ताई, तुम्ही अहेव गेलात म्हणून बायका तुमचा हेवा करत होत्या.

तुमच्या अमरावतीच्या घराच्या पायरीवर बसून मी ते ऐकत होते. "नशीबवान बाप्पा! नवरा बसला हाय, अन् हे चालली कुंकू घेऊन." नवरा म्हणजे अकोल्याचे ते. एकतीस वर्षांत तुमच्या दारात एकदाही न आलेले, दुसरा संसार मांडलेले, दोन नातवंडांचे आजोबा. सकाळी नऊला ते गाडीतून उतरले. त्यांच्या मोठ्या वहिनीच्या हातात हिरव्या साडीचा पुडा, हिरव्या बांगड्या आणि हळदीकुंकवाचा करंडा. घटस्फोट तुम्ही घेतला नव्हता. "दुसऱ्यांच्याच कोर्टाच्या तारखा सरत नाहीत, स्वतःसाठी कुठे खेटे घालू," म्हणायचात. त्या चालढकलीचं फळ करंड्यात भरून आलं.

ती साडी तुम्हाला नेसवली कोणी, ते सांगते. मी नेसवली.

दवाखान्यात तुम्ही मला बजावलं होतं. पांढरी सुती साडी, निळ्या काठाची. कुंकू नाही, बांगड्या नाहीत, डोक्यावर पदर नाही. "कोणी काही म्हटलं तर भांड, बेबी. तुझं ऐकतील." मी हो म्हणाले होते. ती पांढरी साडी त्या सकाळी माझ्या पिशवीत होती, घडी न मोडलेली. तरी हिरवी नेसवली. तुम्हाला आता विचारता येत नाही, म्हणून मीच सांगते.

परवा शोकसभा झाली. हॉल भरला होता. एक वकीलबाई म्हणाल्या, बाईच्या कपड्यांवरून बाईलाच दोषी धरणाऱ्यांची तोंडं ताईंनी आयुष्यभर बंद केली. टाळ्या वाजता वाजता राहिल्या, शोकसभा आहे हे लोकांना वेळेवर आठवलं. मला हसू आलं. शेजारी बसलेल्या आपल्या शिलाईवाल्या रझियाने मांडीला चिमटा काढला. मग मला बोलायला बोलावलं आणि मी मान हलवली. माझा कंठ दाटला असेल असं समजून कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला. कंठ अजिबात दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर तुमच्या फोटोवरचा हार सुकायच्या आत मी सगळं बोलून गेले असते.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही एका बाईची नखं पुसत होतात.

त्या वर्षांत आमच्या अकोटकडच्या गावांत गाड्या फार यायच्या. तेव्हा हिरवी बोंडअळी होती, आता गुलाबी आहे. माणसं औषध पिऊन मरत होती आणि गाड्यांतून पुढारी, पेपरवाले, पाहणीवाले उतरत होते. तुम्ही त्यांच्या आधी पोचायचात, अंजनगावमार्गे एसटीने. आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या एका तरण्या विधवेकडे तुम्ही आला होतात. तिच्या बोटांवर कुठल्याशा लग्नातली लाल पॉलिश अजून शिल्लक होती. रॉकेलमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तुम्ही ती घासत होतात आणि तिला सांगत होतात, "फोटोत लाल नखं दिसली त लोक म्हनतीन, इले काय दुःख झालं?" ती बिचारी हात पुढे करून बसली होती. मी मायच्या मागे दारात उभी होते, आणि खरं सांगते, मला तुम्ही फार हुशार वाटलात.

माय मला तुमच्याकडे घेऊन आली होती, कारण दोन दिवसांपूर्वी शेतमालकाच्या पुतण्याने मला कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत धरलं होतं.

मी वीस वर्षांची होते. तुम्ही शहरात राहिलात तरी तुमचं माहेर खेड्यातलं, म्हणून कापूस वेचणारी बाई कशी दिसते हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. लुगडं असो की ड्रेस, त्याच्यावर नवऱ्याचा नाहीतर बापाचा लांब बाह्यांचा शर्ट. वाळलेली बोंडं हात ओरबाडतात, ऊन भाजतं, फवारलेलं अंगाला लागतं. ओढणी कमरेला बांधून तिची झोळी करायची, तिच्यात कापूस टाकायचा. शेतात सगळ्याच बाया अशा असतात. कोणाला त्यात बघण्यासारखं काही वाटत नाही. त्या दिवशी माझा रोजचा शर्ट ओला होता, म्हणून मी बाबाचा चांगला शर्ट घालून गेले होते. निळ्या पट्ट्यांचा. मामाच्या लग्नात आहेरात कापड आलं होतं आणि बाबाने ते अकोटच्या टेलरकडून शिवून घेतलं होतं.

बाकीच्या बाया शेताच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तो मागून आला. त्याने शर्टाच्या खिशाला धरून मला खाली पाडलं. खिसा फाटला, वरचं बटण तुटलं. मी त्याच्या मनगटाला चावले आणि पळाले. घरी येईपर्यंत कापसाची झोळी कमरेला तशीच होती. मायने आधी झोळी सोडली, मग शर्ट काढून घेतला आणि धुतला. डाग त्याच्या रक्ताचे होते. तिला वाटलं, घाण आहे, गेली पाहिजे.

पोलीस ठाण्यात तुम्ही माझ्या शेजारी बसलात. हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, "ओरडली काहून नाई?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात तुम्ही टेबलावर हात आपटलात. टेबलावरचा चहा सांडला. "हिले काय विचारून राहिले? त्याले विचारा न, हात काहून लावला!" ठाण्यातले सगळे बघायला लागले. तोपर्यंत जगात कोणी माझ्यासाठी आवाज चढवला नव्हता. बाबानेही नाही, मायनेही नाही. त्या आवाजासाठी मी तुमच्यावर जीव ओवाळून टाकला असता, आणि टाकलाच म्हणायचा.

मग हवालदाराने दुसरा प्रश्न विचारला. "शर्ट कोनाचा होता?" आणि तो हसला. गावात तोवर सुरू झालं होतं. पोरीच्या अंगावर मर्दाचा शर्ट होता म्हणे. ज्या बाया रोज शर्ट घालून वेचायला जात होत्या, त्यांच्याच घरांतून हे निघत होतं.

तुम्ही मला आणि मायला बाहेर घेऊन आलात. फिर्याद अजून लिहायची होती.

"बेबी, शर्ट सोडून दे."

"सोडून दे म्हंजे?"

"सांगायचाच नाही. ड्रेस होता आणि अंगावर ओढणी होती. बस."

माय म्हणाली, "पन ताई, साऱ्याच बाया घालतेत. त्यात का हाय?"

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कोर्टात कुठचा साहेब येईल त्याला माहीत आहे का? शर्ट म्हटलं की पहिला प्रश्न शर्टाचा, दुसरा मर्दाचा. त्या पोरावर येईपर्यंत दिवस मावळेल. सध्या लोकांना पचेल तेवढंच सांगू."

लोकांना पचेल तेवढंच. हे वाक्य नंतर मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते शहाणपण वाटलं. आत जाऊन मी ओढणी सांगितली. कमरेची ओढणी कागदावर खांद्यावर आली आणि शर्ट कुठेच राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला शेतात गेले. पऱ्हाटीच्या काडीला निळ्या पट्ट्यांच्या कापडाचा तुकडा अडकला होता आणि खाली एक निळं बटण पडलं होतं. दोन्ही त्यांनी पाकिटात घातलं, वर पंचांच्या सह्या घेतल्या. हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही मला म्हणालात, काही होत नाही, तेवढं कोण बघतं. तेव्हा जबाब दुरुस्त करता आला असता, ताई. पुरवणी जबाब असतो हे पुढे तुम्हीच मला शिकवलंत. दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा पुरवणी जबाब आपण देत होतो. माझ्या वेळी मात्र तुम्हाला तो सुचला नाही, किंवा सुचला आणि नको वाटला. यातलं कुठलं, ते मला अजून माहीत नाही.

दीड वर्षाने अकोटला तारीख लागली. कोर्टाच्या मागच्या संडासात तुम्ही मला बदामी रंगाची साडी नेसवलीत. तुमच्या कपाटात अशा सात-आठ साड्या असायच्या. राखाडी, बदामी, धुवट निळी. ब्लाउज रझियाने शिवलेले, बाजूला शिवण सोडलेले, कोणालाही बसावेत असे. माझ्या डोक्यावर पदर घातलात आणि तो घसरू नये म्हणून कानामागे आतून पिन लावलीत. पिन टोचली. तुम्ही म्हणालात, "हलू नको, मग टोचत नाही." व्हरांड्यात बाबा माझीच वाट बघत उभा होता आणि मी समोरून आले तरी तो माझ्या मागे बघत राहिला. मी "बाबा" म्हटलं तेव्हा दचकला.

डोक्यावरचा पदर बाजारात घसरला म्हणून तुमच्या नवऱ्याने तुम्हाला चारचौघांत मारलं होतं, आणि तुम्ही तिथून माहेरी न जाता थेट एसटी स्टँडवर गेला होतात. हे तुम्ही प्रत्येक भाषणात सांगायचात. आठ मार्चला तर हमखास. त्याच हातांनी तुम्ही आमच्या डोक्यांवर पदर पिनेने टाचलेत. मंचावर म्हणायचात, कपड्यांचा काय संबंध! आणि सोमवारी कपाट उघडून साडी काढायचात. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "भाषण बाईसाठी, साडी निकालासाठी." तुम्हाला याची लाजही वाटत नव्हती आणि तुम्ही ते लपवतही नव्हतात. म्हणून तुमच्याशी नीट भांडताही यायचं नाही.

उलटतपासणीला त्याचा वकील उठला आणि त्याने पाकिटातून बटण काढलं.

"हे बटण मर्दाच्या शर्टाचं आहे. आरोपीचा शर्ट पांढरा होता, सगळी बटणं शाबूत. तुमच्या जबाबात ड्रेस आणि ओढणी. बरोबर?"

"हो."

"तुमच्या अंगावर शर्ट होता?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही दुसऱ्या बाकावर होतात. तुम्ही मान हलवलीत, अगदी थोडी, डास हाकलावा इतकीच.

"नाही," मी म्हणाले.

"मग पऱ्हाटीत तिसरा कोण होता?"

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी शांत राहायला सांगितलं, पण ते स्वतः बटणाकडे बघत होते.

ताई, तुम्हाला मागे वळून बघता आलं नाही, मला पिंजऱ्यातून सगळं दिसत होतं. शेवटच्या बाकावर बाबा बसला होता. अंगावर तोच शर्ट. मायने खिसा दुसऱ्या कापडाने जोडून दिला होता आणि वरचं बटण पांढरं लावलं होतं. परगावी घालायला त्याच्याकडे तोच एक बरा शर्ट होता. कोर्टात यायचं म्हणून धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून तो घालून आला होता. वकील बटण वर धरून उभा होता, त्याच्या जोडीची बाकी सगळी बटणं वीस पावलांवर एका मजुराच्या छातीवर होती, आणि त्या खोलीत कोणाची नजर तिकडे गेली नाही. बाबाला मात्र कळलं. त्याने हात उचलून खिशावर ठेवला आणि निघेपर्यंत तसाच धरून बसला. शेजारच्या माणसाने त्याला विचारलं म्हणे, "छातीत दुखून रायलं का बुवा?"

मालकाचा पुतण्या सुटला. संशयाचा फायदा मिळाला. संशय त्या तिसऱ्याचा, जो नव्हताच.

स्टँडवर बाबाने तुम्हाला विचारलं, "ताई, मी उभा रायलो असतो तं? शर्ट दाखवला असता तं?" तुम्ही म्हणालात, "बसून राहिलात ते बरं केलंत. पोरगी खोटी पडली असती." बाबाने मान डोलावली. तुमचं सगळ्यांना पटायचं. खोटी तर मी पडलेच होते, पण ते बोलायचं त्याला सुचलं नाही. गाडीत तो पूर्ण वाटभर हात खिशावर ठेवून बसला होता.

गावात माझं नाव पडलं, तिसऱ्यावाली. दोन स्थळं आली आणि पाणी न पिता गेली. माय आजारल्यासारखी झाली. मग तुम्ही आलात आणि मला अमरावतीला घेऊन गेलात.

आता जे सांगते तेही तितकंच खरं आहे. बियाण्यांच्या दुकानावरच्या आपल्या ऑफिसच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही मला अर्ज लिहायला शिकवलंत, बारावीला बसवलंत, मग मुक्त विद्यापीठातून पदवीला. खालून कीटकनाशकाचा वास यायचा आणि तुम्ही म्हणायचात, डोकं दुखलं तर दुखू दे, प्रकरण सोडू नको. पहिल्या थंडीत तुम्ही तुमचं स्वेटर मला दिलंत आणि स्वतः शाल घेऊन फिरलात. ताप आला तर रात्रभर उशाशी बसलात. मला कोणी माझ्या प्रकरणावरून डिवचलं की माझ्याआधी तुम्ही उठायचात, "तिले काय विचारता? त्याले विचारा!" सतरा वर्षं. कोणी सख्ख्या बहिणीसाठी करणार नाही इतकं तुम्ही माझ्यासाठी केलंत. म्हणून तर राग धरायलाही मला चोरून धरावा लागला.

आणि मी काय केलं? तुमच्या कपाटाची किल्ली सांभाळली. सतरा वर्षं मीच पोरींना त्या साड्या नेसवल्या. जीन्सवाल्यांना, लेगिंगवाल्यांना, वरूडच्या संत्र्याच्या पॅकिंगवर टोपी घालून काम करणाऱ्या एकीला. पिन लावताना मी म्हणायची, हलू नको, मग टोचत नाही. रझिया आपल्या खालीच, दुकानाच्या बाजूला मशीन टाकून बसायची. ब्लाउज शिवता शिवता ती तुम्हाला चिडवायची, "हो गया ताई का युनिफार्म!" एकदा ती वर येऊन म्हणाली, "ताई, मी तं डोक्यापासून पायापर्यंत बुरख्यात राहते. बाजारात मलेबी चिमटा काढते कोणी. कपड्यानं थांबत असता तं माझ्यापाशी आलाच नसता न मेला!" तुम्ही हसलात. म्हणालात, "रझिया, तुझं खरं आहे, पण कोर्टात तुला साहेब म्हणून कोणी बसवत नाही." रझिया म्हणाली, "मंग तुमी तं त्या साहेबाचंच काम करून रायल्या. तो इचारायच्या आदीच पोरीले झाकून देता." तुम्ही चहा मागवलात. मी त्या दिवशी रझियाच्या बाजूने बोलायला हवं होतं. मी कप धुवायला गेले.

शर्टाबद्दल आपण सतरा वर्षांत एक शब्द बोललो नाही. दवाखान्यात तुम्ही अर्ध्या राहिलात तेव्हा मी ठरवलं, आता विचारायचं. दोन दिवस धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, त्या शर्टाचं बोलू का?"

तुम्हाला लगेच कळलं कुठला शर्ट ते. म्हणजे तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "आता नको, बेबी. दमले." पाच मिनिटांनी डोळे उघडून तुम्ही मला तुमच्या पांढऱ्या साडीचं सांगायला लागलात. काठ कुठला, कपाटात कुठे आहे, पदर कसा, कुंकू नाही, बांगड्या नाहीत. दहा मिनिटं बोललात. माझ्या शर्टासाठी तुमच्याकडे दम नव्हता, स्वतःच्या साडीसाठी होता. मी हो हो म्हणत राहिले.

त्या सकाळी अंघोळ घालून झाली. आतल्या खोलीत मी, तुमची भाची आणि त्या अकोल्याच्या वहिनी. वहिनींनी हिरवी साडी उलगडली. भाची कावरीबावरी झाली होती. ती हळूच म्हणाली, "बेबीताई, मावशीला हे आवडलं नसतं ना? तिने तुम्हाला काही सांगितलं होतं का?"

माझी पिशवी खुंटीला होती. मी नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. भाचीला तेवढंच हवं होतं, ती लगेच भांडायला उभी राहिली असती. त्या वहिनीही गुमान मागे सरकल्या असत्या, त्या वाईट बाई नव्हत्या.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही सांगितलं." आणि पुढे म्हणाले, "बाहेर एवढे लोक आहेत. सध्या हेच असू द्या."

मग मी तुम्हाला नेसवली. निऱ्या नीट घातल्या, सतरा वर्षांचा हात आहे माझा. बांगड्या भरल्या. तुमच्या डोक्यावर पदर घातला आणि घसरू नये म्हणून कानामागे आतून पिन लावली. तुम्ही हलला नाहीत. बाहेर नेलं तेव्हा अकोल्याचे ते पुढे आले आणि त्यांनी तुमच्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रझिया फाटकाशी उभी होती. तिने तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मान फिरवली. तिला सांगावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. वाटलंही. खोटं कशाला बोलू? चार दिवस मला मोकळं मोकळं वाटत होतं. पाचव्या दिवशी पिशवी रिकामी करताना पांढरी साडी हाताला लागली आणि मी ती तशीच परत पिशवीत घातली. अजून तिथेच आहे.

या मंगळवारी वलगावची एक मुलगी आली, कोमल. कॉलेजचं शेवटचं वर्ष. बरोबर आई. गावातल्या एकाने तिची स्कूटी अडवून तिला ओढलं होतं. तेव्हा तिच्या अंगावर जीन्स होती आणि टी-शर्ट. पुढच्या आठवड्यात तिची साक्ष आहे. तिची आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताईची साडी भेटते म्हन्ते न जी इथं? कोर्टाची? आमाले बी द्या एक."

तुमचं नाव किती लांब गेलं आहे बघा. बाया साडी मागून नेतात आता.

मी किल्ली घेऊन कपाटापाशी गेले. कपाट उघडलं, बदामी साडीवर हात ठेवला, आणि मला ती काढवेना. मी परत येऊन बसले आणि त्या दोघींना शर्टाची गोष्ट सांगितली. खिसा, बटण, बाबाचा हात, तुमची हललेली मान, सगळं. सतरा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. सांगताना तुमची बाजू मी फारशी घेतली नाही. म्हणाले, ताईंनी माझं तोंड बंद केलं, तू तुझं उघडं ठेव. ज्या कपड्यांत होतीस तेच सांग, तेच घालून ये. मला वाटलं, मी फार चांगलं बोलले.

कोमलने सगळं ऐकून घेतलं. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग तुमी काहून नाई बोलल्या जी? तोंड तं तुमचंच होतं न."

ती कुत्सितपणे म्हणाली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. तिच्या आईने तिला कोपर मारलं. खाली रझियाचं मशीन चालू होतं. मी मूर्खासारखी वाट बघत राहिले. आता शेजारून टेबलावर हात आपटेल, चहा सांडेल, आणि कोणीतरी ओरडेल, तिले काय विचारून रायली, त्याले विचार. एवढी वर्षं हा प्रश्न माझ्यापर्यंत तुम्ही पोचूच दिला नव्हता.

त्या वेळी मला तुम्ही हव्या होतात, ताई. पांढऱ्या साडीत, हिरव्या साडीत, कशातही.